करवला

घरांच्या कचेरीत लग्नसराई मार्चमध्ये असे.

परभणीला गोरगरिबांची घरं बांधण्यासाठी सरकारनं एक कचेरी काढली होती. पाटीवर तिचं लांबलचक नाव होतं, पण लोक तिला घरांची कचेरीच म्हणत. तिथल्या खरेदी शाखेत कुठलाही माल घ्यायचा तर तीन निविदा लागत. तीन लाखबंद पाकिटं साहेबांसमोर फोडायची, तिघांचे दर मोठ्यानं वाचायचे, ज्याचा कमी त्याला काम. कायदा असा होता. रिवाज असा, की काम कुणाला जायचं ते आधीच ठरलेलं असे. ज्याचं ठरलं तो नवरा. बाकीचे दोघं चढे दर टाकून नुसते शेजारी उभे राहायचे, म्हणून ते करवले. करवले नवऱ्यानंच जमवायचे. कुणी मेहुण्याचं नाव द्यायचा, कुणी मुनिमाचं. आणि तिन्ही निविदा लिहायच्या चंद्रभाननं.

चंद्रभान शाखेतला कनिष्ठ लिपिक. पिंगळीजवळच्या एका गावचा, तिथल्या बौद्धवाड्यातून सरकारी नोकरीला लागलेला पहिला माणूस. त्याला तीन तऱ्हेचं अक्षर काढता यायचं. एक उभं, एक पुढं कललेलं, आणि एक मागं रेललेलं, लिहिणाऱ्याला दमा असावा तसं. हेडक्लार्क दिनकररावांनी एकदा त्याला विचारलं होतं, "यातलं तुझं कोणतं रे?" चंद्रभानला पटकन सांगता आलं नव्हतं.

दिनकररावांना सगळी कचेरी भाऊसाहेब म्हणे. चंद्रभान रुजू झाला त्याच दिवशी त्यांनी पान लावता लावता त्याला शहाणं केलं होतं.

"आपण घरं बांधतो असं तुला कुणी सांगितलं? घरं गवंडी बांधतात. आपण पैसा खर्च करतो. एकतीस मार्चला ज्याच्याकडं पैसा उरला तो नालायक, आणि ज्याच्याकडं कागद कमी पडला तो गुन्हेगार. दोन्हीच्या मधून चालत राहा."

तो चालत राहिला.

*

चौऱ्याहत्तर साली अनुदान आलं ते होळी उलटून गेल्यावर. दुष्काळात उघड्यावर पडलेल्यांना घरं द्यायची होती, आणि मुंबईला ते आठवेपर्यंत वर्ष संपत आलं होतं. महिना संपायच्या आत सगळं बांधून टाकायचं, म्हणजे घरं नव्हे, पैसा. एका दुपारी चंद्रभानच्या टेबलावर एकदम पाच-सहा लग्नं येऊन पडली. लोखंडाचं एक, फरशीचं एक, कौलांचं एक, आणि सागवानी तुळयांचं व्यंकटरावांचं.

व्यंकटराव सेलूकडचे. जमीन भरपूर, कापसाची अडत, आणि दुष्काळापासून ठेकेदारी. खुर्चीत बसायच्या आधी ते खुर्ची हलवून बघत.

"चंद्रभान, कागद काढ. भाऊसाहेबांशी बात झाली आहे. नवरा मी. एक करवला आमचा मेहुणा, ही त्याची सही, कोऱ्या पानावर. दुसरा हा."

दारात सटवाजी उभा होता. त्यांचा सालगडी. वहाणा बाहेर काढून, बगलेत मालकांची छत्री धरून.

"यांना काय दर लावू?" चंद्रभाननं विचारलं.

"लाव की सगळ्यात चढा. आमचा सटवाजी बडा आदमी हाय. सस्त्यात काम करत न्हाई."

भाऊसाहेब हसले. सटवाजीही हसला, कारण मालक हसले होते.

चंद्रभाननं त्याच्यापुढं शाईची गादी सरकवली.

"कुटं दाबू, साहेब?"

"इथं. आणि साहेब नका म्हणू, मामा. चंद्रभान म्हणा."

"त्ये जमायचं न्हाई. दादा म्हन्तो." अंगठा दाबून सटवाजीनं तो उचलला आणि पानावरच्या ठशाकडं जरा वेळ बघत राहिला. "हे कशापायी, दादा?"

"मालकांच्या कामासाठी."

"मग हरकत न्हाई."

रीत अशी होती, की सह्यांची शेवटची पानं आधी कोरी घ्यायची, दरांची पानं सावकाश तीन अक्षरांत लिहायची, आणि मग दाभणानं दोरा ओवून दोन्ही एकत्र शिवायची. चंद्रभान शिवायला बसला तेव्हा टेबलावर त्या पाच-सहा लग्नांची पानं पसरली होती. बाहेर साहेबांची जीप सुरू होऊन घुरघुरत होती, भाऊसाहेब मागून "आटप, आटप" करत होते. त्यानं आटपलं. पाकिटं बंद केली, लाख तापवून शिक्के मारले.

दुसऱ्या दिवशी पाकिटं फुटली. साहेब वाचत गेले. तुळयांचा सर्वात कमी दर कुणाचा, तर श्री. सटवाजी, धंदा ठेकेदारी.

भाऊसाहेबांच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं. चंद्रभानला कालची घाई आठवली. सटवाजीचा अंगठा त्यानं व्यंकटरावांच्या दरांमागं शिवला होता, आणि चढा दर व्यंकटरावांच्या सहीवर चढला होता.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"आपल्याच घरचा माणूस आहे, साहेब," व्यंकटराव म्हणाले. "देऊन टाका."

दुसरं काही करताही येत नव्हतं. निविदा परत मागवायच्या तर एप्रिल उजाडणार, आणि एप्रिलमध्ये तो पैसा आल्या वाटेनं मुंबईला जाणार.

व्हरांड्यात भाऊसाहेबांनी त्याचा दंड धरला. "गाढवा, करवल्याला बोहल्यावर चढवलंस."

"जाऊ द्या हो, भाऊसाहेब." व्यंकटरावांनी छत्री उघडली. "नाव त्याचं, काम आपलं. उलट बरंच झालं म्हणा."

चंद्रभानला त्या वेळी हायसं वाटलं. नोकरी वाचली होती.

*

मालाबाबतचा शेरा:

माल प्राप्त झाला. माल तपासण्यात आला. वाळवीपासून संरक्षण व्हावे म्हणून तुळयांना सर्व बाजूंनी डांबर लावण्यात आले असल्याचे दिसून आले. माल समाधानकारक आढळला. देयक मंजूर करण्यास हरकत नसावी.

या शेऱ्यात एकही माणूस नाही. माणूस होता तो देयकावर. प्रत्येक वेळी व्यंकटराव सटवाजीला जीपमध्ये मागं बसवून परभणीला आणत, तो कचेरीत अंगठा देई, मग बँकेत अंगठा देई, खिडकीतून आलेल्या नोटा दोन्ही हातांनी धरून मालकांच्या पिशवीत ठेवी, आणि गुरांच्या वेळेला परत रानात. गावातली टवाळ पोरं त्याला ठेकेदार म्हणून हाक मारू लागली. तोही ओ देऊ लागला.

*

पिंगळीच्या पुढं गायरानावर घरं उभी राहिली. दगड-मातीच्या भिंती, वर काळ्या तुळया, तुळयांवर शहाबादी फरशी, फरशीवर मुरूम. चंद्रभानच्या वाड्यातली बरीच घरं तिकडं राहायला गेली. मंजुरीची बातमी त्यानंच नेली होती, आणि बायकांनी त्याला ओवाळलं होतं.

पंचाहत्तरच्या भादव्यात झड लागून राहिली. मुरूम पाणी पीत गेला, पीत गेला, आणि एका सकाळी चुलीपुढं बसलेल्या चांगुणाबाईच्या आणि तिच्या नातीच्या अंगावर छत आलं.

चंद्रभान सायकल मारत पोचला तेव्हा दोघींना बाहेर काढून घोंगडीखाली ठेवलं होतं. तुळई मधोमध तुटून आडवी पडली होती. बाहेरून काळी कुळकुळीत आणि तुटली तिथं पांढरीफटक. सालई. आंब्याची खोकी करतात ते लाकूड. त्यानं तिच्यात नख रोवलं तर नख आत गेलं.

कुणी रडत नव्हतं. रडून झालं असावं. चांगुणाबाईचा दीर तात्याराव भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "चंद्रभान, तुजीच कचेरी ना ही?"

"हो, काका."

"मग एवढं इचारून सांग, की बाकीच्या घरांत निजावं का न्हाई."

बाकीच्या सगळ्या घरांवर त्याच तुळया होत्या. पाऊस पडत होता. चंद्रभान म्हणाला, विचारून सांगतो.

विचारायचं होतं कुणाला?

*

ते दिवस आणीबाणीचे होते. कचेरीच्या भिंतींवर शिस्तीचे फलक लागले होते, कारकून वेळेवर येत होते आणि चौकश्या आठवड्याच्या आत पुऱ्या होत होत्या. कुणीतरी ताबडतोब सापडायला हवं होतं. कागदावर ठेकेदाराचं नाव होतं. पोलिसांनी सटवाजीला बांधावर बैल चारताना धरला. फौजदारांनी विचारलं, "ठेकेदार सटवाजी तूच का?" आणि त्यानं सवयीनं ओ दिली.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको सरजाबाई चंद्रभानच्या खोलीवर आली. उंबऱ्याच्या आत येईना. चंद्रभानच्या बायकोनं, सुलाबाईनं, चहा बाहेर नेऊन दिला तर कप खाली ठेवून सरजाबाई त्या कपाकडं बघत बसली.

"दादा, त्ये कागद तुमी लिवले म्हणं."

"कोण म्हणालं?"

"धनीच म्हनाले. कोठडीत भेटू दिलं मला. म्हनाले, कचेरीतल्या दादाला इचार. त्यो मानूस बरा हाय, मला मामा म्हनतो."

चंद्रभान उंबऱ्यावर येऊन बसला.

"त्यायला लाकडातलं काय कळतंय? मालक म्हनले दाब, दाबलं. दोन जीव गेले न्हवं? आता फाशी देतेत का काय?"

"फाशी नाही देत."

"मग काय देतेत?"

"तुमचे मालक काय म्हणतात?"

"मालक म्हनतेत, गप राहा. वरीस-सहा म्हैने काढील, मी वकील देतो, तवर रानातली, आखाड्यावरची झोपडी तुमचीच हाय, पोरायला जवारी देतो. पर वरीस का सहा म्हैने, त्ये नीट सांगत न्हाईत." ती उठली. चहा तसाच होता. "तुमाला खरं ठावं हाय. तुमी सांगा, दादा. तुमचं सरकार ऐकतंय."

भाऊसाहेबांनी दुसऱ्या दिवशी त्याला टपरीवर नेलं.

"तू काहीतरी बोलणार आहेस, असं तुझ्या तोंडावर दिसतंय."

"तो माणूस निर्दोष आहे, भाऊसाहेब."

"आहे ना. मी नाही म्हणतोय का? पण त्याला सोडवायचा तर त्याच्या जागी कुणीतरी लागेल. व्यंकटराव बसतील? मी बसेन? साहेबांची तर बदली होऊन ते पुण्याला बसलेत." त्यांनी चहा बशीत ओतला. "व्यंकटराव त्याला सोडवून आणतील. त्यांची माणसं आहेत वरपर्यंत. तू मध्ये हात घातलास की त्यांचा हात निघाला. एवढंच तुला समजावतो, बाकी तू शिकलेला आहेस."

*

त्या संध्याकाळी चंद्रभाननं जबाब लिहून काढला. तीनदा.

सर्वात कमी, उभ्या अक्षरात:

सदर निविदा मी शिवली. शिवताना शेवटचे पान नजरचुकीने बदलले गेले. सटवाजी यांचा दर वस्तुतः सर्वात जास्त होता.

मधला, पुढं कललेल्या अक्षरात:

तिन्ही निविदा मी एकाच टेबलावर माझ्या हाताने लिहिल्या. दर व्यंकटरावांनी तोंडी सांगितले. आपण कशावर अंगठा देत आहोत हे सटवाजी यांना ठाऊक नव्हते. त्यांनी मला विचारले होते. मी धड सांगितले नाही.

सर्वात जास्त, मागं रेललेल्या अक्षरात, आधीच्या दोन्हींतलं सगळं घेऊन त्यापुढं:

हीच एक नाही, सगळ्याच. मी लागल्यापासून या शाखेत खरी निविदा पाहिलेली नाही. हेडक्लार्कना ठाऊक आहे, माल तपासणाऱ्या ओव्हरसियरना ठाऊक आहे, साहेबांना ठाऊक होते. सालई आहे हे डांबराखालीही कळत होते, कारण सागाची तुळई उचलायला चार माणसे लागतात आणि ही तुळई दोन हमाल गप्पा मारत उचलत होते. कचेरीच्या आवारात माल उतरताना मी ते खिडकीतून पाहिले. पाहून आत वळलो आणि देयक टाइप करायला दिले. माझ्याच वाड्यातले लोक त्या छताखाली निजणार हे मला माहीत होते.

सुलाबाईनं तिन्ही वाचले. ती चौथीपर्यंत शिकलेली होती, ओठ हलवत वाचायची. शेवटचा वाचताना तिचे ओठ मध्येच थांबले.

"हे तुमी पाहिलं व्हतं?"

"हो."

तिनं तिन्ही कागद एकावर एक रचले. मग म्हणाली, "यातला कोन्ता देनार?"

"तू सांग."

"मला कशाला मधी घेता? नोकरी गेली तर आपन गावाकडं जाऊ. पर गावात त्या घोंगडीपुढून जावं लागल, त्याचं बगा."

त्यानं सर्वात जास्तीचा दिला.

*

चौकशी अधिकारी औरंगाबादहून आले होते. शांत, गोरे गृहस्थ. जबाब त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, आणि टंकलेखकाला तयार राहायला सांगितलं. पुढं जे टाइप झालं त्यात नुसती उत्तरंच आहेत. प्रश्न उतरवून घेण्याची पद्धत नव्हती.

होय, अक्षर माझेच आहे.

होय, तिन्ही.

होय, दुसऱ्यांचे दर मला आधीपासून ठाऊक होते.

होय, सटवाजी यांना मी ओळखत होतो.

होय, मी त्यांना मामा म्हणतो. नाते नाही.

नाही, व्यंकटराव यांची सही चढ्या दराखालीच आहे.

होय, शेवटचे पान मी बदलले. बदलले म्हणजे बदलले गेले.

होय, माझ्या बदलण्यामुळे सटवाजी यांना काम मिळाले.

होय, सालई असल्याचे मला कळले होते.

नाही, मी वरिष्ठांना लेखी कळवले नाही.

होय, आरोपीची पत्नी माझ्या घरी येऊन गेली.

होय, चहा दिला.

"एवढं पुरे," अधिकारी म्हणाले.

"साहेब, बाकीचं? भाऊसाहेबांचं, इतर निविदांचं?"

"ही चौकशी एका निविदेपुरती आहे. तुम्ही मोकळेपणानं सांगितलंत, त्याची नोंद घेतली जाईल."

"आणि ती घरं? लोक बाहेर निजतात, पावसात."

"त्याबद्दल वेगळा प्रस्ताव करावा लागेल. खरेदी शाखेकडून यायला हवा तो."

अहवाल वेळेत गेला. लिपिक चंद्रभान याने इतर निविदाकारांचे दर अगोदर जाणून घेऊन, ठेकेदार सटवाजी याच्याशी संगनमत करून, त्याची निविदा सर्वात कमी दराची ठरेल अशी व्यवस्था केली, व निकृष्ट माल आल्याचे ठाऊक असूनही देयक पुढे पाठवले. अहवालात एकही वाक्य खोटं नव्हतं. 'संगनमत' हा शब्द तेवढा होता. श्री. व्यंकटराव यांची निविदा चढ्या दराची असल्याने त्यांचा संबंध येत नाही. तुळया बदलण्याचे काम निकडीचे असल्याने त्वरित निविदा मागवाव्यात.

मागवल्या गेल्या. तीन आल्या.

*

कोर्टाच्या व्हरांड्यात दोघांना आरोपी म्हणून एकाच बाकावर बसवलं. हवालदार खांबाला टेकून तंबाखू मळत होता. सटवाजी वाळला होता, दाढी वाढली होती. त्यानं चंद्रभानकडं बघून मान हलवली, बाजारात ओळखीचं कुणी दिसल्यासारखी.

"मामा, मी खरं सांगायला गेलो होतो."

"ठावं हाय. सरजा म्हनली."

"मला वाटलं तुम्ही सुटाल."

"लय झालं तुमचं. माज्यापायी तुमी आत आलात." सटवाजीनं जरा वेळ गुडघे चोळले. "पर त्ये मालकाला लागलं, दादा. तुमी त्यायचं नाव घेतलं न्हवं का, म्हनून. वकील काढून घेतला त्यायनं. परवा सरजाला म्हनले, झोपडी खाली कर. पोरं सध्या देवळात हायत. आता थंडी सुरू व्हईल."

भाऊसाहेब टपरीवर काय म्हणाले होते, ते चंद्रभानला शब्दन् शब्द आठवत होतं.

"तुमच्याजवळ कागद हाय का?" सटवाजीनं विचारलं.

"कशाला?"

"एक अर्ज लिवा. माज्या नावानं, मालकायला. तुमचं लिवनं चांगलं हाय, सगळे म्हनतेत."

"काय लिहू?"

"लिवा, की ह्यात मालकाचा काई दोष न्हाई. लाकूड मीच आनलं. मालकायला काईच ठावं न्हवतं. झोपडी ऱ्हाऊ द्या म्हनावं, पोरायपुरती."

"मामा, हे लिहिलं तर तुम्ही कायमचे अडकाल. हे कोर्टात दाखवतील ते."

"मग? आत्ता कुटं सुटलोय?" तो रागावला नव्हता. "तुमी खरं लिवून बगितलं. आता हे लिवा."

हवालदारानं तंबाखू तोंडात टाकली. "काय खलबत चाललंय रे?"

"अर्ज लिवायलाय, साहेब. कागद असला तर द्या की."

हवालदारानं खिशातून समन्सचा एक पाठकोरा कागद काढून दिला आणि कानामागची पेन्सिल. आतून कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला, यांचा नव्हता. चंद्रभाननं कागद मांडीवर धरला. पेन्सिलीचं टोक मोडकं होतं, ते त्यानं नखानं सोलून पुढं काढलं.

सटवाजी जरा सरकून त्याच्याजवळ आला आणि कागदाकडं बघत हळूहळू सांगू लागला, बैलाला वळवताना बोलावं तशा आवाजात. "लिवा. दंडवत मालक. मी खुशाल हाय."

चंद्रभान लिहू लागला.